रोलर तापेपर्यंतचा पाऊण तास

१० तारीख, शुक्रवार, संध्याकाळ

लवंगे,

तर सगळ्यात आधी आली ती बाई. आज सकाळी सव्वासहाला, मागच्या दाराने. आम्ही अजून लाँड्रीतले सगळे दिवेसुद्धा लावले नव्हते. रेडिओ म्हणते की आधी तो पिशवीवाला कारकून आला. पण रेडिओचं काय मनावर घेतेस? चादरीचं दुसरं टोक धरून बारा वर्षं माझ्यासमोर उभी आहे, तिच्या तोंडाला बटणच नाही म्हणून तर तूच तिला ते नाव ठेवलंस. कारकून साडेसातला आला, चुकीच्या बसमध्ये बसून, घामाने निथळत. मी दोघांना पाहिलंय, मला विचार.

आणि अगं, मी काय करून बसले ते ऐक. मला वाटलं, ती बाई कामाला आली आहे. हल्ली रोज कोणी ना कोणी दाराशी येऊन उभी राहते. परवा एक कॉलेज शिकलेली आली होती, सर्टिफिकिटं प्लास्टिकच्या पिशवीत घालून, हॉस्पिटलच्या चादरी झटकायला. म्हटलं ही पण त्यातलीच. साधे कपडे, सपाट चपला, डोळ्याला चष्मा. मी तिला तोंड उघडायला जागाच दिली नाही. "आलीस ना, मग बघत काय राहिलीस," म्हणून एप्रन तिच्या गळ्यात अडकवला, मागून गाठ मारली आणि एक गठ्ठा तिच्या पुढ्यात सोडला.

पहिल्याच गठ्ठ्यातून निघाली कवळी. कुणा आजोबांची, वरची. नव्या बायका किंचाळतात, एक तर त्याच पावली घरी गेली होती. हिने ती दोन बोटांत उचलली आणि म्हणाली, "ही कुठे ठेवायची?" मी मनात म्हटलं, ही टिकेल. मग तिला कवळ्यांचा डबा दाखवला, थर्मामीटरचा दाखवला, झटकताना मनगट कसं वळवायचं ते दाखवलं म्हणजे खांदा भरून येत नाही. हात चांगला आहे गं तिचा. खाली मान घालून राबली. शेवटी कपाळ पुसत मला विचारते कशी, "आजी, कार्ड कुठे पंच करायचं?"

"एवढ्यात नाही," मी म्हटलं. "रोलर तापला की."

"म्हणजे?"

"म्हणजे सातला. एवढा मोठा लोखंडी रोलर, त्याला तापायला पाऊण तास लागतो. तो तापला की इस्त्री सुरू, इस्त्री सुरू झाली की कार्ड. त्याच्या आधी गठ्ठे सोडायचे, निवडायचे, झटकायचे, ते सगळं फुकट."

"आणि कुणी सातलाच आलं तर?"

"तर दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी असते. एकवीस वर्षं बघते आहे मी. रोलरला नुसतं पडल्या पडल्या तापायचा पगार मिळत असेल, आपल्याला नाही."

ती हसली. मग एप्रनच्या आत हात घालून एक ओळखपत्र काढलं. कामगार खात्याची अधिकारी. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी घाईघाईने गाठ सोडायला गेले तर म्हणाली, "राहू द्या आजी, आता कुठे हात बसतोय."

एवढ्यात मुकादम आला. त्याने काय बघावं, तर एप्रनमधली नवी बाई हात थांबवून उभी. "ए, गप्पा कसल्या मारतेस, चल रोलरवर," असा ओरडला. ती म्हणाली, "येते ना. आधी गेल्या पाऊण तासाचं कार्ड द्या." त्याचा चेहरा तू बघायला हवा होतास. लिहितानाही मला हसू येतंय, म्हणून हे अक्षर असं नाचरं आलंय.

मग तिने आम्हा अकराही बायकांना विचारलं, आजी सांगतात ते खरं का? सगळ्या फरशीकडे बघायला लागल्या. तुझी आईसुद्धा. मुकादम गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, आजींचं वय झालंय. तोंडाला येईल ते बोलतात. आम्ही आपलं दयेपोटी ठेवलंय त्यांना."

दयेपोटी. हा शब्द कानात पडला आणि मी म्हटलं, "कुठे करायची सही?"

मला सहीला वेळ लागतो. शेवटच्या अक्षराची शेपटी कुठल्या बाजूला वळवायची ते मी दर वेळी विसरते. सगळं धुलाईघर थांबून बघत होतं, रोलर एकटा तापत होता. पण केली. बाई म्हणाली, "आजी, एकीची सही म्हणजे म्हातारीची बडबड म्हणतील. अकरांतल्या सहा जणींच्या तरी हव्यात." असं म्हणून एक फॉर्म माझ्याकडे देऊन गेली. पुढच्या आठवड्यात ती आणि तिचा कारकून, दोघं परत येणार आहेत.

हे सगळं तुझी आई तुला बसमधून फोनवर सांगेल. तुम्ही दोघी बोलता हे मला माहीत आहे, तिला वाटतं माझ्या कानाला कळत नाही. माझा फोन तू उचलत नाहीस, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण मला तुला एक असं सांगायचंय जे तिच्या तोंडून कळायला नको, म्हणून लिहिते आहे. ते उद्या. आज हात दुखतो.

११ तारीख, शनिवार, संध्याकाळ

आज तेलाची छोटी बाटली आणली. मोठी परवडत नाही, आणि छोटी जास्त महाग पडते, हे मला न शिकतासुद्धा कळतं. पण हातात एकदम तेवढे पैसे असतील तर मोठी घेणार ना? गरिबाला सगळं छोट्या बाटलीतून घ्यावं लागतं आणि चढ्या भावाने. घरमालकाने वर्षात दोनदा भाडं वाढवलं. बसचं तिकीट वाढल्यापासून मी जाताना चालत जाते, येताना तेवढी बसते.

चौकात सरकारने मोठा बोर्ड लावलाय. त्यावर एक हसरी बाई आहे, डोक्यावर पिवळी टोपी, कारखान्यात असते तशी. बसची वाट बघता बघता मी एकेक अक्षर लावून वाचला. "उद्योजकांनो, आमच्या राज्यात या. मुबलक पाणी, रुंद रस्ते, स्वस्त मनुष्यबळ." स्वस्त मनुष्यबळ हे दोनदा वाचलं. मग लक्षात आलं, अगं, ही तर मी. एवढ्या मोठ्या अक्षरात माझ्याबद्दल आजवर कुणी लिहिलं नव्हतं. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला म्हटलं, "पाहिलंत का, मुबलक पाण्यानंतर माझा नंबर लागतो." तो बिचारा दोन पावलं लांब सरकला. टीव्हीवर सांगतात, राज्याची घोडदौड चालू आहे. असेलही. घोडा कुठल्या रस्त्याने गेला कोण जाणे, आमच्या गल्लीतून तरी गेला नाही.

बघ, मी इकडचं तिकडचं बोलते आहे. तुला माहीत आहे मी असं कधी करते.

आज सकाळी कामावर गेले तर माझं स्टूल जागेवर नव्हतं. मुकादम म्हणाला, दुरुस्तीला गेलंय. चारही पाय धड असलेलं स्टूल. मी दिवसभर उभी राहून घड्या घातल्या. गुडघे कुरकुरले, पण रेडिओ काय म्हणाली माहीत आहे? "आजी, तीन वर्षांनी तुमचे डोळे माझ्या डोळ्यांच्या रेषेत आले."

तीन वर्षं. आता सांगते.

तू या फुकटच्या पाऊण तासाची तक्रार लिहून पाठवलीस, तेव्हा खात्याचे दोन साहेब आले होते, मुकादमाबरोबर चहा पिऊन, दहा वाजता. आम्ही सगळ्या एकीमागून एक तेच बोललो. "सातला येतो, सातला कार्ड, दोन चहा मिळतात, तक्रार नाही." जी चहा पीत नाही तिनेही दोन चहा सांगितले. ते वाक्य पाठ करून घेतलं होतं मी. मुकादमाने मला बाजूला घेतलं होतं, कारण बायका माझं ऐकतात आणि मला वाचायला वेळ लागत असला तरी पाठ चांगलं होतं. वाळत घातलेल्या चादरींच्या आड उभी राहून मी एकेकीकडून ते म्हणवून घेतलं. तू समोरच्या बाजूला गठ्ठे सोडत होतीस.

तुला मी नंतर सांगितलं की त्याने धमकी दिली. म्हटलं, तुझ्या आईला काढीन म्हणाला. लवंगे, धमकी कुणी दिली नव्हती. तो एवढंच म्हणाला, "आजी, तुमचे गुडघे दुखतात ना, घडीच्या टेबलापाशी एक स्टूल देतो."

साहेबांनी तुझी तक्रार खोटी म्हणून बंद केली. त्याच संध्याकाळी तुला काढलं. तू रडली नाहीस, भांडली नाहीस. एप्रन काढलास, कडेला कड लावून घडी घातलीस आणि माझ्यापुढे टेबलावर ठेवलीस. दुसऱ्या दिवशी स्टूल आलं. मी बसले.

एवढंच होतं सांगायचं. दोन वाक्यांत संपलं असतं, तेलाच्या बाटलीची गरज नव्हती. आजवर मला वाटायचं की हे लिहिलं तर मी बसल्या जागी मरेन. तसं काही झालं नाही. उलट भूक लागली.

१२ तारीख, रविवार, दुपार

सुट्टीचा दिवस कारणी लावला. फॉर्म प्लास्टिकच्या पिशवीत घातला, त्या कॉलेजवाल्या पोरीसारखा, आणि सकाळपासून दारोदार फिरले. या वयात मी मतं मागायला निघाले असं लोकांना वाटलं असेल. एका दारात तर खरंच विचारलं, "आजी, कुठल्या पक्षाच्या?" म्हटलं, चादरींच्या.

प्रत्येक दारात भीती एकच. मुकादमाने शुक्रवारीच पसरवलंय की जास्त गडबड केलीत तर मालक हा धंदा उचलून शेजारच्या राज्यात नेईल, तिकडे तर याहून कमी पगारावर बायका मिळतात. सगळ्यांची धाबी दणाणली. मीही चार जिने चढेपर्यंत तेच घोळवत होते. पाचव्या जिन्यावर दम खायला बसले आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अगं, खेळणी बनवणारा जाईल, बूट बनवणारा जाईल. चादरी धुणारा कुठे जाणार? हॉस्पिटल इथे, आजारी माणसं इथली, त्यांच्या कवळ्या इथल्या. मळलेली चादर काय ट्रकमध्ये घालून दोन दिवस प्रवासाला पाठवणार? तिथवर पोचेपर्यंत तिचा वास आधी पोचेल.

रेडिओच्या घरी पहिल्यांदा हे बोलून पाहिलं. ती कांदा चिरत होती. सुरी तशीच हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्याने आपल्याला उगाच घाबरवलं?"

"उगाच नाही. त्यालाही वरून दट्ट्या असणार. ज्याने सगळ्यात कमी भाव लावला त्याला हॉस्पिटलने काम दिलं. ती तूट कुठून तरी भरून काढायची, तर आपल्या सकाळमधून काढतात."

"आणि तुम्ही तेव्हा आम्हाला ते दोन चहा पाठ करायला लावलेत त्याचं काय?"

बघ, ती विसरली नाही. मी तिला स्टुलाचं सांगितलं. तुला कालच लिहिलं होतं, म्हणून जीभ सैल झाली होती. रेडिओने हातातली सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, "आजी, तीन वर्षं मी तुमच्या त्या स्टुलावर जळत होते. मला वाटायचं, वयाचा मान म्हणून मिळालंय." आणि पुढे हात करून म्हणाली, "आणा तो कागद. पण बोटाला कांद्याचा वास आहे, साहेबांना रडू आलं तर माझा दोष नाही."

मग ती माझ्याबरोबर निघाली. रेडिओ एकदा चालू झाली की काय विचारतेस, तिने मला बोलूच दिलं नाही. गरगर फिरून आणखी तीन सह्या झाल्या. एक बाई नाही म्हणाली, तिचा नवरा अंथरुणाला खिळलाय, तिला मी आग्रह केला नाही. दोघींनी दारच उघडलं नाही, पण आत भांडी वाजत होती. आणखी दोघी म्हणाल्या, तुमची सून सही करते का ते आधी बघतो.

मी धरून पाच झाल्या. सहावी माझ्याच घरात बसली होती.

तुझी आई कपडे वाळत घालत होती. मी फॉर्म पुढे केला. ती म्हणाली, "आई, सही करून भाडं भरता येत नाही."

"सही न करता तरी कुठे भरता येतंय?"

"तुम्हाला काढलं तर तुम्ही म्हाताऱ्या, घरी बसाल. मला काढलं तर? हे ट्रक घेऊन महिना महिना बाहेर. माझ्यावरच तर चालतंय सगळं."

खोटं काय बोलली ती? मी फॉर्म खिडकीत ठेवला, वर चहाचा डबा ठेवला उडू नये म्हणून, आणि आडवी झाले. तिला माझं स्टुलाचं माहीत नव्हतं असं मी धरून चालले होते. तिच्याकडे पाठ करून पडले होते तेव्हा ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं, आई. दुसऱ्या दिवशी स्टूल आलं ना, तेव्हाच. पण मीही ते वाक्य म्हटलं होतं. माझ्या पोरीच्या विरुद्ध. मला तर स्टूलसुद्धा मिळालं नाही."

मी उठले नाही. उठले असते तर दोघी रडत बसलो असतो आणि कपडे तसेच राहिले असते.

१३ तारीख, सोमवार, दुपार

आज मुकादमाने मला ऑफिसात बोलावलं. खुर्ची दिली. मी बसले नाही, म्हटलं आता सवय लावून घेते आहे. दार लावून घेतलं त्याने, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आजी, झालं गेलं विसरू. तुमच्या नातीला परत घेऊ आपण. शिकलेली पोर आहे, तिला काउंटरवर बसवू, हिशेब बघेल. तुम्ही फक्त तो फॉर्म हरवला म्हणा."

लवंगे, खोटं कशाला बोलू, मला मोह पडला. तू घरी. सकाळी तू आणि तुझी आई आणि मी, तिघी एका वाटेने कामाला. एका क्षणात सगळं डोळ्यांपुढे आलं, तुझी ओली छत्री दारामागे अडकवलेलीसुद्धा. त्याला बरोबर ठाऊक असतं कुणाचा कुठला सांधा दुखतो. तेव्हा गुडघा होता.

मी म्हटलं, "साहेब, तेव्हा मी विकाऊ होते. ती नाही. तिची नोकरी तिला विचारून द्या."

"विचार करा आजी."

"केला. तीन वर्षं बसून केला."

बाहेर आले तर दहाही जणी माझ्याकडे बघत होत्या. तो काय म्हणाला ते मी सगळ्यांना मोठ्याने सांगितलं, रोलरच्या आवाजाच्याही वर. तुझ्या आईने हातातली चादर टाकली. माझ्या एप्रनच्या खिशातून फॉर्म काढला, माझ्याकडूनच पेन घेतलं आणि रोलरच्या कठड्यावर ठेवून सही केली. कागदाची कड जराशी तपकिरी झाली आहे, उष्णतेने. ती सही करत असताना मुकादम काचेतून बघत होता, आणि तिने पेनाचं टोपण लावून मगच मान वर केली. तिच्यामागून त्या थांबलेल्या दोघीही आल्या. आठ झाल्या गं. सहाच हव्या होत्या.

मला आज पाय जमिनीला लागत नाहीत असं झालंय. म्हणजे दुखतायत, पण लागत नाहीत.

आता तुझ्याशी कामाचं बोलते. जेवणाच्या सुट्टीत रेडिओच्या फोनवरून मी त्या अधिकारी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आठ सह्यांवर इथून पुढचा पाऊण तास पगारात धरायला लावता येईल. पण मागच्या तीन वर्षांचं सगळ्यांचं हवं असेल तर तुझी जुनी तक्रार उघडायला लागेल, आणि ती जिने केली तिनेच समोर येऊन उघडायची असते. मी नाही उघडू शकत. मी तर ती बंद केली.

ये असं मी म्हणत नाही. तुझं तिथे काम आहे, खोली आहे, येण्याजाण्यात दोन दिवसांची मजुरी जाईल. आणि माझं तोंड बघायचं नसेल तर तेही बरोबर आहे. आलीस तर मी रोलरच्या पलीकडच्या बाजूला उभी राहीन. नाही आलीस तरी मी चादरींच्या आड काय केलं ते त्या कागदावर सांगणार आहे, स्टुलासकट, माझ्या सहीने. तू खोटी नव्हतीस हे खात्याच्या कागदावर लिहिलं गेलं पाहिजे, एवढं मी बघून घेते. मग मला काढोत नाही तर ठेवोत. तुझ्या आईला म्हटलं, मला काढलं तर दारोदार सह्या गोळा करायचा धंदा काढते, हात बसलाय.

पोस्टातला माणूस म्हणाला, आज टाकलं तर पत्र बुधवारी तुझ्या हातात पडेल. म्हणून इथेच थांबते, तो पेटी उघडायला निघाला आहे आणि माझ्याकडे बघून घड्याळाला टिचक्या मारतो आहे. ती बाई आणि तो कारकून शुक्रवारी येतो म्हणालेत, सतरा तारखेला, सकाळी सव्वासहाला, मागच्या दाराने.